पाण्याखालचा गोंगाट आणि देवमासे-डॉल्फिन: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे नेहमीचे प्रश्न

डॉल्फिन आणि देवमाशांचा विषय शाळेत किंवा वाचनालयात निघाला की काही प्रश्न हमखास येतात. आपल्या सीमाभागातला माणूस समुद्र बघायला गोव्याला, कारवारला नाहीतर मालवणला जातो, त्यामुळं प्रश्नही तिथलेच असतात. ते खाली एकत्र केलेत. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींना जास्त जागा लागते.

आपल्याकडं ना समुद्र ना देवमासा. बेळगावच्या माणसानं यात का पडावं?

चोर्ला घाट उतरला की दोन-तीन तासांत आपण समुद्रावर असतो. जोडून सुट्टी आली की ‘डॉल्फिन दाखवतो’ म्हणणाऱ्या बोटीत बेळगाव-कोल्हापूरची मंडळी असतातच. शिवाय आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांचं कास्टिंग परदेशी जातं ते कंटेनरमध्ये भरून, जहाजानंच. जगातल्या व्यापारी मालापैकी 80 टक्क्यांहून जास्त माल समुद्रमार्गे जातो आणि समुद्रातला माणसाचा बहुतेक सततचा आवाज या मालवाहतुकीचाच असतो. समुद्र घरापासून लांब असला तरी त्या आवाजात आपलाही थोडा हात आहे.

देवमाशाला आवाजाचं एवढं काय पडलंय? डोळे आहेत की त्याला.

आहेत, पण पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच. स्वच्छ समुद्रातही पन्नासेक मीटरच्या पुढं फारसं दिसत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या गढूळ पाण्यात तर हात लांब केला तरी दिसायची मारामार. दोनशे मीटरखाली उजेड जवळजवळ संपतोच. आवाजाचं उलट आहे. हवेत तो सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात 1500 मीटर, आणि विरतही सावकाश.

म्हणून या प्राण्यांचं सगळं आयुष्य आवाजावर चालतं. डॉल्फिन ‘टिक-टिक’ असे बारीक आवाज सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा कुठं आहे, केवढा आहे, कुठल्या बाजूला पळतोय हे ओळखतो. बॉटलनोज जातीच्या डॉल्फिनमध्ये प्रत्येकाची स्वतःची खास शीळ असते. दुसऱ्यानं तीच शीळ घातली की तो उत्तर देतो. निळा देवमासा आणि फिन देवमासा यांचा स्वर 15 ते 20 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाच्या कानाला लागेल न लागेल इतका खर्जातला. तो शेकडो किलोमीटर जातो. रॉजर पेन आणि डग्लस वेब या संशोधकांनी 1971 मध्ये हिशेब मांडून दाखवलं होतं की जहाजांना इंजिनं लागण्याआधीच्या समुद्रात फिन देवमाशाची हाक एका अख्ख्या महासागरभर पोचू शकत असेल.

त्यांना कान कुठं असतात?

बाहेरून दिसत नाहीत. डॉल्फिनच्या खालच्या जबड्यात एक खास चरबी असते, तिच्यातून आवाज आतल्या कानापर्यंत जातो. माणूस 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी. डॉल्फिन दीड लाख हर्ट्झच्या आसपास ऐकतो.

समुद्र आधी कुठं शांत होता? लाटा, पाऊस, वादळ असतंच की.

बरोबर आहे. लाटा फुटतात, पाऊस पडतो, भूकंप होतात, आणि उथळ पाण्यात नांगी वाजवणाऱ्या कोळंब्या तर दिवसरात्र कडकड करत असतात. पण हे आवाज लाखो वर्षांपासूनचे आहेत आणि प्राणी त्यांच्यातच घडलेत. जहाजांचा आवाज गेल्या शंभर-दीडशे वर्षांतला. ईशान्य पॅसिफिकमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडं 1960 च्या दशकातल्या आणि 2000 नंतरच्या मोजण्या ताडून पाहिल्या, तेव्हा खालच्या पट्टीतला आवाज 10 ते 12 डेसिबलनं वाढलेला निघाला. डेसिबलची मोजपट्टी अशी आहे की 3 डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि 10 वाढले म्हणजे दहापट. 10 आकडा लहान दिसतो म्हणून फसू नका.

गणपतीतल्या डॉल्बीचा आवाज 110-120 डेसिबल. निळा देवमासा 188 डेसिबलनं ओरडतो म्हणतात. मग आपल्या जहाजानं त्याला काय त्रास होणार?

मिरवणूक ज्यांच्या दारावरून जाते ते हा प्रश्न हटकून विचारतात. मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीत इथंच घोळ होतो. पाण्यातला डेसिबल आणि हवेतला डेसिबल एक नव्हे. दोन्हींचा शून्य वेगळ्या ठिकाणी धरलाय. त्यामुळं 26 चा फरक पडतो. पाणी हवेपेक्षा कितीतरी दाट, त्याचा आणखी साधारण 36 चा फरक. म्हणजे पाण्यातल्या आकड्यातून ढोबळमानानं 62 वजा केले की हवेतल्या आकड्याशी त्याची तुलना करता येते. 188 चे झाले 126. मोठाच आवाज, पण अणुबॉम्ब नव्हे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. देवमाशाचा स्वर तो एक मीटरवर मोजलेला आहे. त्याला उत्तर देणारा दुसरा देवमासा दीडशे किलोमीटरवर असतो. तिथं पोचेपर्यंत हाक क्षीण झालेली असते, आणि मध्ये जहाज आलं की ती बुडून जाते. डॉल्बी सुरू असताना शेजारच्याशी ओरडून बोलता येईल, पण रस्त्यापलीकडून आजीनं मारलेली हाक ऐकू येणार नाही. त्रास असा होतो.

जहाज एवढा आवाज करतंच कशानं? इंजिनानं?

इंजिनाचा असतोच, पण मोठा वाटा पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा. उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपांवर काम केलेल्याला हे समजवायला नको. सक्शनला तेल कमी पडलं, फिल्टर चोंदला, की पंप खडखडायला लागतो. तो उघडून बघितला तर आतल्या धातूवर बारीक-बारीक खड्डे पडलेले असतात. कॅव्हिटेशन म्हणतात त्याला: दाब इतका उतरतो की द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढं दाब वाढला की ते फटाफट फुटतात. प्रत्येक फुटण्याचा आवाज होतो आणि धातूचा कणही उडतो.

जहाजाच्या पंख्याच्या पात्यामागं हेच घडतं, फक्त पातं कित्येक मीटरचं असतं. वेग वाढवला की बुडबुडे वाढतात. पातं वाकलं असेल, त्यावर शिंपले-शेवाळ चढलं असेल, तर आणखी वाढतात. हा आवाज मुख्यतः 1000 हर्ट्झच्या खाली असतो, आणि मोठे देवमासे नेमके त्याच पट्टीत बोलतात.

यात एक सोय आहे, तिची चर्चा कमी होते. पंखा हळू फिरवला की आवाज झपकन उतरतो. जहाजांनी वेग 10 टक्के कमी केला तर आवाजाची ऊर्जा 40 टक्क्यांच्या आसपास घटेल असा एक अंदाज आहे. वर इंधनही वाचतं.

पण त्यानं होतं काय नक्की? मरतात का?

बहुतेक वेळा मरत नाहीत. म्हणूनच या प्रश्नाकडं लवकर लक्ष गेलं नाही.

पहिला परिणाम म्हणजे हाक झाकली जाणं. किलर व्हेल गोंगाट वाढेल तसा आपला आवाज चढवतात. उत्तर अटलांटिकमधल्या ‘राइट’ जातीच्या देवमाशांनी आपली पट्टीच वर नेली. दोन्हींत कष्ट पडतात, आणि एका मर्यादेपुढं ओरडूनही भागत नाही.

दुसरा परिणाम कामावर. फ्लोरिडातल्या एका केंद्रात डेल्टा आणि रीस नावाच्या दोन डॉल्फिनना एक काम शिकवलं होतं: दोघांनी पाण्याखालचं आपापलं बटण एका सेकंदाच्या आत एकदम दाबायचं. शिट्ट्या घालून ते वेळ जुळवायचे. पाण्यात गोंगाट सोडल्यावर दोघांनी शिट्ट्या मोठ्या केल्या, लांबवल्या, एकमेकांकडं तोंडं वळवली. तरीही यश 85 टक्क्यांवरून 62.5 टक्क्यांवर आलं. ही नोंद 2023 ची. समुद्रात डॉल्फिन मासे घेरून धरतात तेही असंच एकमेकांना सांगून. तिथं वेळ चुकली की घास जातो.

तिसरा ताण. यावरचा पुरावा फार विचित्र रीतीनं हाती लागला. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात संशोधक रोझलिंड रोलँड आणि त्यांचे सहकारी राइट देवमाशांची विष्ठा गोळा करत होते. ती पाण्यावर तरंगते आणि तिचा वास भयंकर असतो. तो हुंगून बोटीला दिशा दाखवायला कुत्री शिकवलेली होती. विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अंश सापडतात. 2001 च्या सप्टेंबरमध्ये हे काम चालू असतानाच न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि जहाजवाहतूक एकदम रोडावली. उपसागरातला आवाज 6 डेसिबलनं उतरला. त्याच दिवसांतल्या विष्ठेत ताणाचं प्रमाण खाली आलं. जहाजं पुन्हा सुरू झाली, तसं ते पुढच्या वर्षांत नेहमीच्या पातळीवर दिसलं. असा प्रयोग कुणी ठरवून करू शकला नसता. त्याचा निष्कर्ष 2012 मध्ये छापून आला.

प्लास्टिक समुद्रात पडलं की पिढ्यान्‌पिढ्या राहतं, पण आवाज बंद केला की त्या क्षणी संपतो. प्रदूषणाच्या यादीत इतकं सोपं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

सोनारमुळं देवमासे किनाऱ्यावर येऊन मरतात, हे खरं की अफवा?

सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधायचं यंत्र. त्याच्याबद्दलचं हे म्हणणं काही ठिकाणी खरं आहे. मार्च 2000 मध्ये बहामा बेटांवर 17 प्राणी किनाऱ्याला लागले, बहुतेक चोचवाले देवमासे. जवळच अमेरिकन नौदलाच्या जहाजांचा सराव चालू होता. 2001 च्या अखेरीस नौदल आणि तिथलं मत्स्यखातं यांच्या संयुक्त अहवालात सोनारकडंच बोट दाखवलं गेलं. सप्टेंबर 2002 मध्ये कॅनरी बेटांवर सराव सुरू झाल्यावर काही तासांत असेच 14 चोचवाले देवमासे सापडले. त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे आणि चरबीच्या गुठळ्या निघाल्या. खोलातून घाईनं वर येणाऱ्या पाणबुड्या माणसाला होतो तसला हा प्रकार.

चोचवालेच का, याचंही उत्तर त्यांच्या राहणीत आहे. ते सगळ्यांत खोल जाणारे. त्यांच्यातल्या क्युव्हिएर जातीच्या एका प्राण्यानं 2,992 मीटर खोली गाठल्याची आणि दुसऱ्या एकानं 222 मिनिटं श्वास धरल्याची नोंद आहे. इतकं खोल जाणाऱ्याचं वर यायचं वेळापत्रक काटेकोर असतं. सोनारला बिचकून ते मोडलं की रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, असं आज मानलं जातं.

स्पेननं 2004 मध्ये कॅनरी बेटांभोवती असा सोनार वापरणं थांबवलं. त्यानंतरच्या दशकात तिथं चोचवाल्यांचा तसा सामूहिक मृत्यू झाला नाही.

मग कारवारच्या नौदल तळाचं काय?

आयएनएस कदंब तळ 2005 मध्ये सुरू झाला. वरचे सगळे प्रसंग खोल समुद्रातल्या चोचवाल्यांचे आहेत. कारवारला किनाऱ्याजवळ, काळी नदीच्या मुखाशी दिसणारे हंपबॅक डॉल्फिन उथळ पाण्यातले. त्यांच्या रोजच्या कटकटी वेगळ्या: मासेमारीच्या बोटी, ट्रॉलर, बंदरातली बांधकामं, पर्यटकांच्या बोटी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जाळी. तळाचं नाव घेतलं की चर्चेला रंग चढतो, पण डॉल्फिन मरतो तो जास्त करून जाळ्यात गुदमरून. हंपबॅक डॉल्फिनची ही जात जागतिक यादीत धोक्यात आलेली म्हणून नोंदलेली आहे, त्यात आवाजापेक्षा जाळ्याचा वाटा मोठा. आवाज त्यात भर घालतो.

समुद्रातलं तेल शोधणारी जहाजंही आवाज करतात ना? मासळी त्यामुळं महाग होते का?

ही जहाजं दाबाखालची हवा पाण्यात एकदम सोडतात, दर 10-15 सेकंदांनी, आठवडेच्या आठवडे. तळाखालच्या खडकांवरून परतणाऱ्या लहरींवरून तेल कुठं आहे ते कळतं. अटलांटिकच्या मध्यात ठेवलेल्या यंत्रांनी 4000 किलोमीटरवरचे असे धमाके टिपलेत. नॉर्वेजवळच्या बॅरेंट्स समुद्रात 1990 च्या दशकात मुद्दाम तपासलं, तर धमाके सुरू झाल्यावर कॉड आणि हॅडॉक माशांची पकड जवळजवळ निम्म्यावर आली. म्हणजे मासळी पळते, हे खरं. आपल्या बाजारातल्या बांगड्याचा भाव मात्र मोसम, डिझेल आणि जून-जुलैतली मासेमारीबंदी ठरवते.

गोव्याला गेल्यावर डॉल्फिन ट्रिप करावी की नको?

करा, पण बोट बघून करा.

‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ ही पाटी मला सगळ्यांत खटकते. पैसे परत द्यायचे नसतील तर बोटवाल्याला डॉल्फिन गाठावाच लागतो. मग एक पाठ वर आली की सात-आठ बोटी तिकडं वळतात. बाहेर लावलेल्या छोट्या इंजिनाचा आवाज चिरका, वरच्या पट्टीतला. म्हणजे डॉल्फिन ज्या पट्टीत शीळ घालतो तिच्यातच घुसणारा. डॉल्फिन बुडी मारतो, पलीकडं निघतो, बोटी पुन्हा फुल थ्रॉटलवर. पिल्लू बरोबर असेल तर आईला त्याच्याशी शीळ घालत राहावं लागतं, नाहीतर चुकामूक. बोटीवरच्या लोकांना वाटतं, डॉल्फिन खेळतोय.

इथं बसणाऱ्याच्या हातात बरंच असतं. बसायच्या आधीच सांगायचं, “दादा, पाठलाग नको. लांबनंच बघू, इंजिन हळू ठेवा. नाही दिसला तरी पैसे देणार.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं; त्याशिवाय पहिल्या दोन्हींना काही अर्थ नाही. अमेरिकेत डॉल्फिनपासून 50 यार्ड आणि मोठ्या देवमाशापासून 100 यार्ड लांब राहायला सांगतात. आपणही तेवढं पाळायला हरकत नाही. बोट समोरून किंवा बरोब्बर मागून घालू नये. बाजूनं, संथ, त्याच्या दिशेला समांतर ठेवावी. थांबायचं तर इंजिन न्यूट्रलला. शिट्ट्या, टाळ्या, बोटीच्या फळीवर थापा यांनी तो जवळ येत नाही.

आणि बोटीशिवायही जमतं. हंपबॅक डॉल्फिन किनारा सोडून फार लांब जात नाहीत. सकाळी वारा पडलेला असताना उंचावर बसलं, जवळ दुर्बीण असली, तर पाठी दिसतात. सहलीच्या पोरांना सहाला उठवणं तेवढं जमलं पाहिजे.

आपल्या अरबी समुद्रात खरोखर मोठे देवमासे आहेत?

आहेत. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ निळे आणि ब्राइड्स देवमासे दिसल्याच्या नोंदी आहेत. पण सगळ्यांत वेगळा म्हणजे अरबी समुद्रातला हंपबॅक देवमासा. जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्यात थंड समुद्राकडं जातात. हे वर्षभर इथंच राहतात. ओमानकडच्या अभ्यासात त्यांची संख्या शंभराच्या आत निघाली. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकार करून यातले 242 मारले, तेव्हापासून ते सावरलेले नाहीत. 2017 मध्ये ओमानजवळ उपग्रहाचं यंत्र लावलेली एक मादी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली होती. या जातीचे नर गातात. इतक्या विरळ वस्तीत गाणं ऐकू जाणं म्हणजे जोडीदार मिळणं, आणि आखाताकडं जाणाऱ्या जहाजांची रांग याच पाण्यातून जाते.

व्हेलच्या उलटीचा याच्याशी काही संबंध?

नाही, पण प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच. व्हेलची उलटी म्हणतात ते अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. ते जवळ बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. आपल्या भागातही त्यात माणसं सापडतात. त्या प्राण्याची खरी कमाल म्हणजे त्याचा क्लिक. पाण्यातला 236 डेसिबल, सजीवांतला सगळ्यांत मोठा आवाज.

मलप्रभा, घटप्रभेत डॉल्फिन का नाहीत? नदीतल्यांनाही आवाजाचा त्रास होतो?

आपल्या नद्यांत ते कधी नव्हतेच. गंगा-ब्रह्मपुत्रेत आहेत. गंगेतला डॉल्फिन 2009 मध्ये राष्ट्रीय जलचर ठरला, आणि 2025 मध्ये जाहीर झालेल्या गणनेत भारतातले नदीतले डॉल्फिन 6,327 भरले. तो जवळजवळ आंधळा आहे. सगळा कारभार क्लिकवर. 2019 च्या एका अभ्यासात दिसलं की नदीचं पाणी उतरलेलं असताना बोटींचा गोंगाट झाला तर त्याला क्लिक करण्यात फार जास्त शक्ती घालवावी लागते. कोरड्या ऋतूत उथळ गंगेतून मालवाहू बार्ज चालवायच्या योजनेकडं या नजरेनंही बघायला हवं.

कायदा काय म्हणतो?

भारतात सगळे देवमासे आणि डॉल्फिन 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्यांना डांबून खेळ करायला 2013 पासून परवानगी मिळत नाही. जहाजांच्या आवाजासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, 2023 मध्ये सुधारल्या. त्या ऐच्छिक आहेत, त्यामुळं पाळणारे पाळतात.

जगात कुठं काही जमलंय का?

जमलंय. व्हँकुव्हर बंदरानं 2017 मध्ये किलर व्हेलच्या खाडीतून जाणाऱ्या जहाजांना वेग 11 नॉटवर (ताशी साधारण 20 किलोमीटर) आणायची विनंती केली. बहुतेकांनी ऐकली आणि पाण्यातला आवाज मोजण्याइतका उतरला. जर्मनीत समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकताना 750 मीटरवर आवाजाची मर्यादा घालून दिलेली आहे. ती पाळायला खांबाभोवती तळाशी भोकांचा पाइप टाकून हवा सोडतात. बुडबुड्यांच्या पडद्यात बराच आवाज अडतो.

किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन दिसला, तर तो आवाजानंच मेला म्हणायचं का?

नाही. जाळं, जहाजाची धडक, आजार, म्हातारपण, सगळं शक्य आहे. तमिळनाडूत मनपाडजवळ 2016 मध्ये ऐंशीच्या वर पायलट व्हेल किनाऱ्याला लागले तेव्हा सोनारपासून भूकंपापर्यंत सगळं बोलून झालं. त्याच किनाऱ्यावर 1973 मध्येही 147 लागले होते.

आणि जिवंत अडकलेला दिसला तर?

शेपटीला धरून ओढू नका, घाईनं पाण्यात ढकलू नका. 112 ला फोन करा, वनखात्याला कळवायला सांगा. तोवर ओला कपडा अंगावर टाका, पाणी शिंपडत राहा; डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात मात्र पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. सावली करा, गर्दी मागं हटवा, सेल्फी नको. मेलेला असेल तर हात न लावता लगेच कळवा. आवाजानं कानाला इजा झाली होती का, हे फक्त ताज्या शवातच तपासता येतं; आतल्या कानाच्या पेशी काही तासांतच सडायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बघू म्हटलं तर त्या तपासणीचा काही उपयोग राहत नाही.